ॲसिडिटीची गोळी म्हणजे नक्की कुठली? साडूच्या निमित्ताने एक तुलना

माझा साडू नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात आहे, फर्स्ट शिफ्ट, म्हणजे पहाटे उठून दोन कप कोरा चहा, आठला कँटीनचा वडा, आणि खिशात पाकिटामागे कायम एक कॅप्सूलची पट्टी. दोन वर्षं झाली. परवा घरी आला तर म्हणाला डॉक्टर दुर्बीण टाकून बघू म्हणताहेत, मित्र म्हणतो ऑपरेशनच करून टाक, आई म्हणते सूतशेखर घे, तू सांग काय करू. मी काही डॉक्टर नाही पण या जळजळीत माझी स्वतःची सहा वर्षं गेलीत, त्यामुळे कोणत्या गोष्टीचा कशाला उपयोग होतो एवढं पक्कं कळलंय.

पहिला घोळ शब्दाचाच आहे. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त, आणि छातीत जळलं तरी पित्तच. मग मेडिकलवर जाऊन "पित्तावर काहीतरी द्या" म्हटलं की तो हाताला येईल ते देतो. आपण बोलतोय ते वेगळं आहे, पोटातलं ॲसिड अन्ननलिकेत वर येतं कारण खालची झडप नीट मिटत नाही. औषधं बहुतेक सगळी ॲसिडवर काम करतात, झडपेवर नाही, आणि खरी तुलना इथूनच सुरू होते.

फसफसणारी पावडर किंवा गुलाबी पातळ औषध, म्हणजे ईनो, डायजिन, जेल्युसिल वगैरे, हे आधीच तयार झालेलं ॲसिड मारतात. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं आणि तासा-दोन तासांत खेळ खलास. महिन्यातून दोनदा लग्नातल्या जेवणानंतर जळत असेल तर याच्यापुढे जायची गरजच नाही. पण पावडरीत खाण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम, तेव्हा बीपीवाल्यांनी रोजची सवय लावू नये. मी लावली होती, रात्री जेवल्यावर एक पुडी, आणि बीपीच्या डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर मी घरात लोणचं-पापड बंद करून बसलो, पुडी चालूच! दुसरं, थायरॉईडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ही औषधं तिच्यासोबत घेऊ नयेत, त्या गोळीचं शोषण कमी होतं, चार तासांचं अंतर ठेवा. अल्जिनेटवाली पातळ औषधं थोडी वेगळी, ती पोटातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतात, जेवण झाल्यावर आणि झोपताना घ्यायची, ज्यांना आडवं झालं की घशाशी येतं त्यांना मला वाटतं साध्या अँटासिडपेक्षा हे बरं.

पुढची पायरी फॅमोटिडिन, ही ॲसिड तयार होणंच कमी करणारी गोळी. याच घरातली रॅनिटिडिन आपल्या आईवडिलांच्या पिढीने शेंगदाण्यासारखी खाल्ली, पण २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली, २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली, २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. फॅमोटिडिनमध्ये ही भानगड नाही. तासाभरात काम सुरू करते, दहा-बारा तास पुरते, म्हणून ज्यांचा त्रास रात्रीचाच आहे किंवा संध्याकाळी काय खाणार हे आधीच माहीत आहे त्यांना सोयीची. मात्र रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत शरीर सरावतं आणि जोर कमी होतो.

आता साडूच्या खिशातली. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी भावंडं, ॲसिड तयार करणारे पंपच बंद करतात. ताकद सगळ्यात जास्त, अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील तर त्या याच गोळीने भरतात, साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. पण लोकं ती चुकीची घेतात हो. पंप जेवणाने जागे होतात आणि गोळी फक्त जाग्या पंपाला धरते, रक्तात ती थोडेच तास टिकते, म्हणून नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. मी तीन महिने नाश्त्यानंतर घेत होतो, मेडिकलवाल्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, आणि वर सगळ्यांना सांगत फिरलो की मला ही गोळी लागू पडत नाही. साडू तर अजून पुढचा, जळायला लागलं की मग कॅप्सूल टाकतो. अरे बाबा तिचा पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात, ती काय पुडी आहे का?

त्याच्या कॅप्सूलच्या नावात शेवटी डी आहे, तो डी म्हणजे डोमपेरिडोन, पोटातलं अन्न पुढे ढकलणारं औषध. मळमळ, पोट गच्च असेल तर ठीक, पण नुसत्या जळजळीला त्याची गरज नसते आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, विशेषतः वय झालेल्यांच्या. दोन वर्षं ते आपल्या मनाने घेणं मला अजिबात पटत नाही. साधी गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि आपण शाकाहारी असू तर बी-१२ची बोंब आधीच असते. घाबरून एकदम बंद करू नका मात्र, दबलेलं ॲसिड उसळून येतं, काही आठवडे आधीपेक्षा जास्त जळतं, आणि माणूस समजतो की आता आयुष्यभर गोळी. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, मधल्या काळात फॅमोटिडिन किंवा अँटासिडचा टेकू.

व्होनोप्राझान नावाचं नवं औषध आलंय, जपानमध्ये २०१४ मध्ये मंजूर झालं, आता आपल्याकडेही मिळतं. पहिल्या दिवसापासून काम करतं, जेवणाच्या वेळेची अट नाही, शिफ्टवाल्यांना हे फार भारी वाटेल. पण महाग, आणि दहा-वीस वर्षं घेतल्यावर काय होतं याचा अनुभव जुन्या गोळ्यांइतका नाही, त्यामुळे जुनी गोळी नीट वेळेवर घेऊन फेल गेली तरच.

सूतशेखरबद्दल साडूच्या आईंचा मान ठेवून सांगतो, त्यात पारा, गंधक, ताम्रभस्म, बचनाग नावाची विषारी मुळी असतं. ते शोधन, म्हणजे शुद्धी करून बनवतात हे खरं, पण म्हणूनच ते वैद्याने नाडी बघून द्यायचं औषध आहे, दुकानातून डबी आणून चघळायचं नाही. अविपत्तिकर चूर्ण सौम्य, पण त्यात साखर बरीच आणि निशोत्तर असल्याने पोट साफ होतं, शुगरवाल्यांनी बघून घ्या. थंड दूध गिळताना बरं वाटतं, तासाभराने पोट परत ॲसिड सोडतं.

ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात, निसेन नावाच्या सर्जनने १९५६ मध्ये ही पद्धत मांडली, आता पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून होतं. झडपेवर थेट काम करणारा या यादीतला हाच एक पर्याय. गोळीने जळजळ थांबली पण वाकलं की पाणी-अन्न तोंडात येतंच, मोठा हायटस हर्निया आहे, म्हणजे जठराचा भाग छातीत वर सरकलाय, अशांना याचा खरा फायदा. साडूला तसं काही असल्याचं अजून तरी कळलेलं नाही. शिवाय नंतर ढेकर नीट न येणं, पोट फुगणं, सुरुवातीला गिळायला त्रास असं होऊ शकतं, आणि काही वर्षांनी परत गोळी लागलेलेही असतात. आधी एंडोस्कोपी म्हणजे तीच तोंडातून टाकायची दुर्बीण, चोवीस तासांची ॲसिडची तपासणी, अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी हे सगळं व्हायला हवं, मित्राच्या सल्ल्यावर ऑपरेशन थिएटरात जायचं नसतं.

दुर्बीण मात्र त्याने करावीच, दोन वर्षं झालीत. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नये. आणि जिना चढताना छातीत जळतंय, घाम येतोय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय तर पुडी न शोधता सरळ ईसीजी.

राहिली ती फुकटातली बाजू, आणि मला सगळ्यात जास्त फरक तिथेच पडला. सहा किलो वजन उतरवलं, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नुसतं चालून. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. डाव्या कुशीवर झोपायचं, तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. मिसळ सोडली नाही, नाशकात राहून ती सोडायची म्हणजे काय! पण रविवारी दोन वेळा रस्सा मागून घेऊन, वर जिलेबी, वर दही, आणि घरी येऊन पंख्याखाली आडवं व्हायचं, ते आडवं होणं सोडलं. तर्री प्रत्येकाला वेगळी बाधते, स्वतःचं बघावं.

आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा, सहा-आठ इंच. नुसत्या उशा वाढवल्या तर माणूस पोटात वाकतो आणि दाब उलट वाढतो. साडूला हे सांगितलं तर गप्प बसला, मग म्हणाला, भाऊ आमचा पलंग बॉक्सचा आहे, त्याला पायच नाहीत. आता गादीखाली टाकायला फोमची उतरती पाचर शोधतोय.