ऑब्जग्राफ: मेमरी कोण अडवून बसलंय ते दाखवणारी लायब्ररी (काही महिन्यांच्या वापरानंतर)

पायथनमध्ये मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सुटणं) म्हटलं की बहुतेक वेळा प्रकार एकच असतो. काम संपलेलं असतं, पण कुणीतरी त्या ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे नेणारा दुवा, सोडलेला नसतो. मग रेफरन्स काउंट शून्यावर येत नाही, आणि ऑब्जेक्टपर्यंत पोचायची वाट शिल्लक असल्याने नको असलेले ऑब्जेक्ट गोळा करणारा गार्बेज कलेक्टरही त्याला हात लावत नाही. हा 'कुणीतरी' कोण, हे शोधायला मी गेले काही महिने मारियस गेडमिनास यांची ऑब्जग्राफ ही लायब्ररी वापरतोय. अहवाल तयार करणाऱ्या आमच्या वर्करची (एकामागून एक कामं करत राहणाऱ्या प्रोसेसची) मेमरी दिवसभर चढत राहायची. ठरावीक कामांनंतर वर्कर रीस्टार्ट करणं हा सर्रास केला जाणारा उपाय, पण मला तो पटत नाही. त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

आधी ट्रेसमॅलॉक हे मेमरी मोजणारं मॉड्यूल लावून पाहिलं. ते ३.४ पासून पायथनसोबतच येतं आणि उत्तम आहे, पण मेमरी कोणत्या ओळीवर घेतली गेली एवढंच ते सांगतं. ती ओळ आम्हाला ठाऊकच होती.

ऑब्जग्राफमध्ये सुरुवात 'शो_ग्रोथ'पासून करावी. एकदा चालवायचं, वर्करला काही कामं करू द्यायची, पुन्हा चालवायचं. मधल्या काळात कोणत्या टाइपचे ऑब्जेक्ट किती वाढले ते समोर येतं. पहिल्या खेपेच्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका, कारण तेव्हा इम्पोर्ट आणि कॅश भरण्याची धांदल चालू असते. आमच्याकडे प्रत्येक कामामागे बरोबर एक रिपोर्टजॉब (एका कामासाठीचा आमचा ऑब्जेक्ट) वाढत होता. तिथेच कळलं की एकही जॉब सुटत नाहीये.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. 'बाय_टाइप'ने त्यातला एकच जॉब उचलायचा आणि 'फाइंड_बॅकरेफ_चेन'ला सांगायचं, याच्यापासून उलटं चालत एखाद्या मॉड्यूलपर्यंत जा. साखळी आली ती अशी: मॉड्यूल, त्यातला क्लास, क्लासमधली 'एलआरयू_कॅश' (आधी काढलेली उत्तरं साठवून ठेवणारा डेकोरेटर) लावलेली मेथड, आणि त्या कॅशच्या की-मध्ये आमचा जॉब. मेथडवर हा डेकोरेटर लावला की 'सेल्फ', म्हणजे तो ऑब्जेक्टसुद्धा, की-चा (उत्तर ज्या नावाखाली साठतं त्याचा) भाग होतो. मर्यादा मुळात १२८ नोंदींची असते, पण इथे 'मॅक्ससाइझ'ला 'नन' (काहीच नाही) देऊन ती मर्यादाच काढलेली होती. म्हणजे प्रत्येक जॉब प्रोसेस संपेपर्यंत जिवंत, आणि दर वेळी सेल्फ नवा असल्याने दुसऱ्या जॉबला त्या कॅशचा काडीचा उपयोग नाही. मेथडला खरं तर फक्त टेम्प्लेटचं नाव लागत होतं. ती क्लासबाहेर काढून साधं फंक्शन केली, जॉब सुटायला लागले आणि कॅशही खऱ्या अर्थाने कामाला आली.

दुसरी साखळी जास्त शिकवणारी होती: लिस्ट, एक्सेप्शन (चूक झाल्यावर उठणारा ऑब्जेक्ट), ट्रेसबॅक (चूक कुठून कुठे आली त्याची नोंद), फ्रेम (चालू फंक्शनची स्थिती), आणि फ्रेमच्या लोकल व्हेरिएबलमध्ये लटकलेला भलामोठा डेटाफ्रेम, म्हणजे डेटाचा तक्ता. पायथन ३ मध्ये एक्सेप्शन आपला ट्रेसबॅक सोबत बाळगतं. 'एक्सेप्ट' ब्लॉक संपला की त्यातलं नाव भाषा आपणहून पुसते, ते याचसाठी. पण तेच एक्सेप्शन 'फसलेली कामं' म्हणून एखाद्या लिस्टमध्ये ठेवलं, की त्या वेळचे सगळे लोकल त्याच्या मागे अडकून राहतात. आता आम्ही ट्रेसबॅकचा मजकूर करून तेवढाच साठवतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आलेखाच्या चित्रासाठी ग्राफविझ हा चित्र काढणारा प्रोग्राम वेगळा लागतो आणि सर्व्हरवर तो सहसा नसतो. तिथे फाइलच्या नावाला 'डॉट' एक्स्टेन्शन द्या आणि चित्र आपल्या मशीनवर काढा. रेफरन्स शोधताना प्रत्येक पायरीला कलेक्टरच्या यादीतले सगळे ऑब्जेक्ट चाळले जातात, त्यामुळे मोठ्या प्रोसेसमध्ये हे फार सावकाश चालतं. चालू प्रॉडक्शनवर मी ते लावणार नाही. मोजणीत फक्त कलेक्टरच्या नजरेखालचे ऑब्जेक्ट येतात. स्ट्रिंग, आकडे, इतकंच काय नमपाय या गणिती लायब्ररीचे ॲरेही त्यात दिसत नाहीत. ॲरे हातात असेल तर त्याला कोण धरून आहे हे मात्र विचारता येतं. सी एक्स्टेन्शनच्या (सी भाषेत लिहिलेल्या मॉड्यूलच्या) आत गळती असेल तर ऑब्जग्राफचा उपयोग नाही, तिथे मेमरे हे मेमरी मोजणारं साधन वापरा.

आणि शेलमध्ये काम करताना शेलवरही संशय ठेवा. शेवटचं उत्तर अंडरस्कोअरमध्ये राहतं, आयपायथन तर सगळी उत्तरं जपून ठेवतं. 'बाय_टाइप'ची लिस्ट व्हेरिएबलमध्ये ठेवलीत तर त्यातला प्रत्येक ऑब्जेक्ट तुम्हीच धरून ठेवलेला असतो.

नेटवर जुनी उत्तरं वाचून 'जीसी.गार्बेज' (कलेक्टरला सोडवता न आलेल्या ऑब्जेक्टची यादी) तपासत बसू नका. एकमेकांना धरून चक्रात अडकलेले 'डेल' मेथडवाले (नष्ट होताना काही काम करणारे) ऑब्जेक्ट तिथे साठायचे, पण २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून तेही गोळा होतात. ती यादी आता बहुधा रिकामीच सापडेल.

मला तरी ही लायब्ररी प्रत्येक दीर्घकाळ चालणाऱ्या पायथन सर्व्हिसच्या डेव्हलपमेंट सेटअपमध्ये हवी वाटते. आमच्या टेस्टमध्ये आता जॉबचा वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला धरून न ठेवणारा दुवा) घेतो, जॉब डिलीट करतो, 'जीसी.कलेक्ट' चालवतो आणि वीक रेफरन्समधून 'नन' मिळतं का ते पाहतो. नाही मिळालं तर टेस्ट फेल होते आणि ऑब्जग्राफची साखळी डॉट फाइल म्हणून बिल्डला जोडली जाते. कोड रिव्ह्यू करणारा ती उघडतो आणि सरळ त्या ओळीवर जातो.