एक्सेल: ३२-बिटवर राहावं की ६४-बिटवर जावं?

नवं मशीन आलं की आमच्या ऑडिटच्या ऑफिसात हा प्रश्न हमखास निघतो. ३२-बिट आणि ६४-बिट या एकाच एक्सेलच्या दोन आवृत्त्या; फरक एवढाच की मेमरीतली किती जागा वापरता येते. दिसायला दोन्ही सारखीच. फॉर्म्युले तेच, १०,४८,५७६ ओळींची मर्यादाही तीच. ऑफिस २०१९ पासून काही निवडलं नाही तर ६४-बिटच बसतं. तरी जुन्या मशीनवर ३२-बिट अजून भरपूर आहे, आणि ते मुद्दाम टिकवणारेही आहेत.

त्यांची बाजू लंगडी नाही. कुणीतरी पूर्वी लिहून दिलेले आणि आजही रोज चालणारे मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, हे त्यांचं मोठं कारण. मॅक्रो विंडोजच्या फंक्शनला थेट हाक मारत असेल, तर ६४-बिटमध्ये तो अडतो. अशी हाक ज्या ओळीत जाहीर केलेली असते, तिथल्या प्रत्येक ‘डिक्लेअर’च्या पुढे ‘पीटीआर-सेफ’ लिहावं लागतं, आणि जिथे मेमरीतला पत्ता किंवा हँडल (विंडोजने दिलेली खूण) साठवलंय तिथे ‘लाँग’चं ‘लाँगपीटीआर’ करावं लागतं. फॉर्मवर तारीख निवडायचं जुनं कॅलेंडर असेल तर ते ६४-बिटमध्ये मिळतच नाही. लिहिणारा माणूस हाताशी नसेल तर हे सगळं निस्तरणार कोण? शिवाय हिशेब ६४-बिटमध्ये जलद होतो, असा अनुभव मला तरी आलेला नाही.

असं असूनही मी ६४-बिटवर गेलो, त्याला कारण एकच.

स्टॉक रजिस्टरची मोठी फाइल उघडी, शेजारी खरेदीची, तिच्यात व्हीलुकअपचे लांबच लांब कॉलम. एक शीट कॉपी करायला जावं, तर उत्तर येतं: मेमरी पुरत नाही, कमी डेटा घ्या किंवा बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर १६ जीबी रॅममधली निम्म्याहून जास्त मोकळी! मग एकेक फाइल बंद करायची, एक्सेल बंद करून पुन्हा उघडायचं आणि हातातलं काम कुठवर आलं होतं ते आठवत बसायचं. मार्चअखेरीला हे फार जिवावर येतं.

यात बिघाड कुठेच नसतो, गणितच तसं आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ बाइटांचेच पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. त्यातली निम्मी जागा विंडोज स्वतःकडे ठेवायचं, म्हणून एक्सेलच्या वाट्याला २ जीबी यायची. २०१६ मधल्या सुधारणेनंतर ६४-बिट विंडोजवर ती ४ पर्यंत गेली. पण उघड्या सगळ्या फाइली, पिव्होट आणि अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेली जादा साधनं) त्याच जागेत दाटीवाटीने बसतात. वापरता वापरता मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते, आणि मोठ्या शीटला सलग जागा लागली की मर्यादेच्या बऱ्याच आधी गाडी अडते. अशा वेळी रॅम वाढवून काडीचा फरक पडत नाही. डिस्कवरचा आकार बघूनही अंदाज येत नाही, कारण एक्सएलएसएक्स फाइल झिप केलेली असते आणि उघडल्यावर कितीतरी पटींनी फुगते.

३२-बिटवर एक तोडगा आहे: ऑल्ट दाबून धरून एक्सेल सुरू केलं की दुसरी, स्वतंत्र प्रत उघडते आणि तिला तिची वेगळी जागा मिळते. मी तो बरेच दिवस वापरला. पण एका प्रतीतून दुसरीत फॉर्म्युले धड पेस्ट होत नाहीत, आणि दोन फाइली ताडून बघणं हेच ज्याचं काम, त्याला हे कसं चालावं?

६४-बिटवर आजच्या विंडोजमध्ये पत्त्यांची मर्यादा १२८ टीबी आहे, म्हणजे अडलंच तर रॅमपाशी अडेल, आणि रॅम विकत आणता येते. मशीन ४ जीबीचं असेल तर मात्र यातला फायदा हाती लागणार नाही; उलट ६४-बिट थोडी जास्तच मेमरी खातं. फाइली लहान आणि मॅक्रो जुने असतील, तर ३२-बिटवर राहणाऱ्याला मी आग्रह करणार नाही.

बाकीच्यांनी व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या, खिडकीत कंट्रोल-एफ दाबून पूर्ण प्रोजेक्टमध्ये ‘डिक्लेअर’ शोधावं. दोन-चार ओळी निघाल्या तर त्या एका दुपारी दुरुस्त होतात. जुन्या अ‍ॅक्सेस डेटाबेसचा ३२-बिट ड्रायव्हर कुठल्या फाइलीला लागतो का, तेही बघून ठेवा. ३२-बिट ऑफिस काढल्याशिवाय ६४-बिट बसत नाही, तेव्हा अ‍ॅड-इनच्या सेटअप फाइली आधी गोळा करा आणि हे काम रिटर्नच्या तारखा उलटल्यावरच काढा.