बारा पॅनचा वॉटरकलर सेट: नीटनेटकं काम करणाऱ्यांनी घेऊ नका

आधी वाईट ते सांगून टाकते. सोबतचा ब्रश बिनकामाचा आहे, ओला केला की टोकच धरत नाही, झाकणातल्या मिक्सिंगच्या कप्प्यांना थॅलो ब्लूचा डाग पडला की तो कायमचा, आणि पांढरा पॅन (पॅन म्हणजे सुक्या रंगाची वडी) का दिलाय कळत नाही, वॉटरकलरमध्ये पांढरं हवं तिथे आपण कागदच मोकळा सोडतो ना.

पण यातले तीन निळे! अल्ट्रामरीन, प्रशियन आणि थॅलो. यांच्यासाठीच घ्यावा असं माझं मत.

गंमत म्हणजे यातले दोन मुळात चुकून सापडलेत. प्रशियन ब्लू साधारण १७०६ सालचा, बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगवाला लाल रंग बनवत होता, त्याला मिळालेला पोटॅश भेसळीचा निघाला आणि लाल राहिला बाजूला, हातात आला गडद निळा. थॅलोची गोष्ट त्याहून भारी, १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात एक पांढरं रसायन बनत होतं, भांड्याच्या आतल्या थराला तडा गेला, खालचं लोखंड त्यात उतरलं आणि निळसर गाळ दिसायला लागला, मग पुढे लोखंडाच्या जागी तांबं वापरून आजचा थॅलो ब्लू आला. असे रंग डब्यात असताना चुकांना काय घाबरायचं!

आणि डब्यातलं पत्रक नेमकं चुकांना घाबरायलाच शिकवतं, 'ब्लूम कसे टाळावेत' म्हणून अख्खा परिच्छेद. ब्लूम म्हणजे वॉश (कागदावर पसरलेला पातळ रंगाचा थर) अर्धवट वाळलेला असताना त्यावर जास्त पाण्याचा ब्रश लागला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत कड उमटते. सपाट आकाश हवं असेल तर वाट लागली, मान्य, पण तीच कड लांबच्या झाडीला इतकी परफेक्ट बसते की ब्रशने मुद्दाम काढून तशी येत नाही. मी तर आता वॉशची चमक जायला लागली की मुद्दाम थेंब सोडते, मीठ टाकायचं असेल तरी वेळ हीच, आधी टाकलं तर विरघळून जातं, उशिरा टाकलं तर काहीच होत नाही.

अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, रवाळ दिसतं, म्हणजे ओल आलेली भिंत किंवा खडक असेल तर अर्धं काम आपोआप झालं, शिवाय नको असेल तिथे ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो. थॅलो मात्र अजिबात माफ करत नाही, कण एकदम बारीक, कागदाच्या धाग्यांतच शिरतो, त्यामुळे तो चुकीच्या जागी सांडला की पुसत बसू नका, त्यावर बर्न्ट सायना हा तपकिरी रंग चढवून सरळ सावली करून टाका.

कागदावर मात्र कंजूषी नको, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाडसर) कॉटनचा कागद घ्या. साध्या लगद्याच्या कागदावर पाणी खेळायच्या आत वाळून जातं, जरा घासलं की बोळे निघतात, आणि मग लोक रंगांना शिव्या देतात.

लेटरिंग किंवा एकसारखे सपाट रंग लागणारी कामं करत असाल तर दुसरं काहीतरी बघा, चिडचिड होईल. बाकीच्यांसाठी पाचपैकी चार, एक स्टार ब्रशचा कापला. पॅन सुटेही मिळतात ते बरंय, अल्ट्रामरीन सगळ्यात आधी संपणार.