संयम आणि टापटिपीचे इंग्रजी शब्द: मोबाईलवरची कार्डं की दोनशे पानी वही?

बडोद्यात आयल्ट्सच्या (परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या) तयारीला लागलेल्यांची गाठ या शब्दांशी पडतेच. 'ओळखीतल्या एखाद्या टापटीप माणसाबद्दल सांगा', 'स्वतःला लावून घेतलेली एखादी सवय सांगा' अशा धर्तीचे विषय बोलण्याच्या परीक्षेत येतात. विचाराला एक मिनिट मिळतं आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं. चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा. तिथे दर वाक्याला 'गुड हॅबिट' आणि 'व्हेरी डिसिप्लिन्ड' येत राहिलं तर परीक्षकाने काय करावं?

हे शब्द जमवायला मी दोन्ही मार्ग वापरले: अंकी या ॲपवरचे तयार कार्डसंच (पुढे शब्द, उलटल्यावर मागे अर्थ) आणि दोनशे पानी वही. ते कसे चालतात हे तुम्हाला माहीत असणारच, म्हणून सरळ मुद्द्याला हात घालतो.

कार्डांचं मोठं बळ म्हणजे शब्द निसटायच्या बेतात असताना ती तो पुन्हा समोर आणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने 1885 साली विसरण्याचा, म्हणजे पाठ केलेलं किती वेगाने निसटतं याचा आलेख मांडला, सेबास्टियन लाइटनरने 1972 मध्ये कार्डांच्या खोक्याची पद्धत सांगितली: येणारी कार्डं उशिरा बघायची, अडणारी लवकर. आजची ॲपं त्याच वाटेने चालतात. अंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. रिक्षाची वाट बघताना पाच-दहा शब्द सहज होतात. नुसतं वाचून शब्द ओळखायचा असेल, तर माझ्या मते कार्डांना तोड नाही. 'ॲबस्टीमियस'सारखा खाण्यापिण्यातल्या संयमाचा शब्द रोजच्या बोलण्यात भेटत नाही. तो कार्डानेच लक्षात राहतो.

पण एका गोष्टीने मला फार छळलं. मी घेतलेल्या तयार संचात पुढे शब्द आणि मागे एका शब्दात अर्थ. 'मेथॉडिकल' उलटा, मागे शिस्तबद्ध. 'ऑर्डर्ली' उलटा, शिस्तबद्ध. 'रेजिमेंटेड' उलटा, पुन्हा शिस्तबद्ध! तिन्हींची उत्तरं बरोबर धरली जातात आणि कार्डं पुढच्या आठवड्यावर जातात. वास्तविक 'मेथॉडिकल' म्हणजे कौतुक, तर 'रेजिमेंटेड' म्हणताना बहुधा तक्रार असते: घड्याळाला जखडलेलं, श्वास घ्यायला जागा नसलेलं आयुष्य. 'मेटिक्युलस' आणि 'फास्टिडियस' दोन्ही काटेकोर, पण दुसऱ्यात या माणसाच्या मनास काही येत नाही अशी छटा डोकावते. खुद्द 'डिसिप्लिन्ड' घ्या. 'ही इज डिसिप्लिन्ड' ही स्तुती. 'ही वॉज डिसिप्लिन्ड बाय हिज कंपनी' म्हणजे त्याच्यावर कारवाई झाली. कार्डाच्या पाठीवर यातलं काहीच नव्हतं.

बोलताना तर शब्दाचे शेजारीही लागतात. 'रिस्ट्रेंट' (संयम) आठवला, पण त्याच्या आधी काय? 'शो' किंवा 'एक्सरसाइझ'. 'रिफ्रेन' (एखादी गोष्ट करायचं टाळणं) पुढे 'फ्रॉम' मागतो आणि त्यानंतर स्मोकिंग, शाउटिंग असं रूप. 'रेझिस्ट'ला मात्र 'फ्रॉम' चालत नाही, तिथे सरळ 'रेझिस्ट द टेम्प्टेशन'. कार्डांवर चोख पाठ असलेला शब्द तोंडी वाक्यात अडतो तो इथे. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

वहीत मी शब्दांना पानं दिली नाहीत, माणसांना दिली. दांडिया बाजारातली माझी आत्या लाइटबिलं महिन्याच्या क्रमाने तारेत ओवून ठेवते, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, आणि डॉक्टरांनी साखर बंद सांगितल्यापासून दत्तजयंतीच्या पेढ्यालाही तिने हात लावलेला नाही. तिच्या पानावर 'शी कीप्स हर पेपर्स इन ऑर्डर', 'शी स्टिक्स टू हर रूटीन', 'शी हॅज कट आउट शुगर'. काका दुकानात बसतात. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, त्यांचा आवाज चढत नाही. त्यांच्या पानावर 'ही कीप्स हिज टेम्पर' आणि 'ही बाइट्स हिज टंग' (ओठावर आलेलं गिळतो). शब्द चपखल बसतो का, हे त्या माणसाकडे बघूनच कळतं. आत्याला 'रेजिमेंटेड' म्हणायला माझं मन धजणार नाही, कारण दुपारी कोणीही आलं तरी ती सगळं बाजूला ठेवून चहा टाकते.

वाक्यं जुळवायला शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला आणि 1942 मध्ये तो तिथेच निघाला. कोणत्या क्रियापदापुढे काय येतं, हे त्यात मुद्दाम दाखवलं होतं. आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

वहीची खोट मान्य आहे. ती आपणहून आठवण करत नाही आणि शब्द हळूहळू जमतात. पण एबिंगहाउसने आलेख काढताना स्वतः पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं. आत्याच्या बिलांच्या तारेला अडकलेलं वाक्य तितक्या झपाट्याने विसरत नाही, निदान माझं तरी विसरलं नाही.

तुमची गरज वेगळी असू शकते. परदेशी प्रवेशपरीक्षेसाठी मोठ्या याद्या ओळखण्यापुरत्या हव्या असतील, तर बेलाशक कार्डं घ्या. बोलायचं किंवा निबंध लिहायचा असेल, तर मी वहीकडे झुकेन. दोन्ही हवं असेल तर कार्डं स्वतःची करा, आणि तीही वही भरल्यावर: पुढे वहीतलं अख्खं वाक्य, त्यात 'रिस्ट्रेंट' तसाच ठेवून 'शो'ची जागा रिकामी. मागे फक्त तेवढा गाळलेला शब्द.