कुपवाड-मिरजेतून पुण्याकडं निघताना: नोकरी डॉट कॉम की लिंक्डइन?

कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत पाच-सात वर्षं क्वालिटीत काढली, पगार जागचा हलेना, आणि आता पुण्याकडं सरकावं असं डोक्यात आहे. अशा माणसाला रविवारची एक दुपार मोकळी मिळाली, तर ती कुठल्या प्रोफाइलवर घालवावी? माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन-तीन महिन्यांत नोकरी हवी असेल तर नोकरी डॉट कॉम. घाई नाही, पण पुढची जागा आत्तापेक्षा वरची हवी, तर लिंक्डइन. दोन्हीकडं एकच बायोडेटा चिकटवून मोकळं व्हायचं असेल, तर झोप काढलेली बरी.

नोकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे. तिथं एचआरवाला पैसे भरून रेस्डेक्स नावाच्या बायोडेटांच्या साठ्यात शिरतो आणि चाळण्या लावतो: अनुभव किती, सध्या कुठं, पगार किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती, प्रोफाइल शेवटचं कधी हलवलं. सांगलीच्या हळदीच्या सौद्यासारखं आहे हे. नमुना समोर, भाव समोर, पटलं तर फोन. त्यामुळं रकाना रिकामा ठेवला की त्या चाळणीत तुम्ही गळता. पगार लिहायला संकोच वाटतो हे मान्य, पण इथं तो संकोच महागात पडतो. नोटीस पिरियड अंदाजानं टाकू नका. अपॉइंटमेंट लेटर कपाटातून काढा आणि त्यात असेल तोच लिहा. आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून एखादी ओळ सुधारा, म्हणजे प्रोफाइल ताजं दिसतं.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतलं. एचआरचा शोध तिथंही चालतो, पण पगाराचा रकाना लोकांसमोर नसतो आणि तुम्हाला वाचणारा फक्त एचआर नसतो. तुमच्याच धंद्यातला मॅनेजर, जुना सहकारी, कस्टमरकडचा ऑडिटर, सगळे बघतात. म्हणून तिथं काम दिसावं लागतं.

एकच माणूस दोन्हीकडं कसा लिहावा ते बघू. नावाखालची ओळ बहुतेकांची ‘क्वालिटी इंजिनिअर, अमुक-तमुक प्रायव्हेट लिमिटेड’ अशी असते. कंपनी पुण्यात कुणाला माहीत नाही, म्हणजे ओळ फुकट गेली. लिंक्डइन त्या ओळीला २२० अक्षरं देतं. ‘क्वालिटी इंजिनिअर, सीआय कास्टिंग आणि मशीनिंग, सीएमएम, पीपीएपी, आयएटीएफ १६९४९ ऑडिट’ असं लिहिलं तर शोधणारा ज्या शब्दांनी शोधतो ते शब्द त्यात आले (सीआय म्हणजे कास्ट आयर्न, सीएमएम म्हणजे अचूक मोजमापाचं मशीन, पीपीएपी म्हणजे पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत, आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड). हे इंग्रजीतच लिहा. लिंक्डइनची बटणं मराठीत करून घेता येतात, पण एचआर शोधतो इंग्रजीत. नोकरी डॉट कॉमवर हीच ओळ, पुढं अनुभवाची वर्षं जोडून.

कामाच्या वर्णनात मात्र वाटा वेगळ्या. नोकरी डॉट कॉमवर मशीन, सॉफ्टवेअर, स्टँडर्ड यांची नावं पुरतात. लिंक्डइनवर ‘क्वालिटीची जबाबदारी सांभाळली’ या वाक्याला कुणी विचारत नाही. ‘पंप बॉडीच्या कास्टिंगला ब्लोहोल येत होते, वाळूतला ओलावा दर पाळीत तपासायला लावला, व्हेंट वाढवले, रिजेक्शन उतरलं’ हे वाचून फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, माणूस थांबतो (ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली हवेची पोकळी, व्हेंट म्हणजे वायू बाहेर जायची वाट). आकडा सांगता येत असेल तर सांगा, फुगवू नका, इंटरव्ह्यूत तोच पहिला प्रश्न असतो. कस्टमरचं ड्रॉइंग किंवा पार्टचा फोटो टाकू नका. फोटो तुमचा टाका, तोही साधा; चुलतभावाच्या लग्नातला फेट्यातला कापून लावलेला नको.

लिंक्डइनची खरी ताकद आपल्याकडचे लोक वापरतच नाहीत. नोकरी ओळखीनं लागते असं आपण म्हणतो, आणि ओळख म्हणजे मामा किंवा गावचा माणूस एवढंच धरतो. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग १९६० चं. कॉलेजच्या लिंक्डइन पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथं गाव आणि कंपनी निवडली की कोण कुठं बसलंय ते दिसतं. पुण्यातल्या हव्या त्या कंपनीत तुमच्याच कॉलेजचा सीनियर निघण्याची शक्यता चांगली. पण ‘सर प्लीज रेफर करा’ असं धाडू नका. फुकटच्या खात्यावर चिठ्ठी जोडून मोजक्याच विनंत्या पाठवता येतात, तेव्हा प्रत्येक नीट लिहा:

‘नमस्कार सर, मी वालचंद मेकॅनिकल, २०१७. मिरजेत फाउंड्री क्वालिटीला आहे. तुमच्याकडं कास्टिंगचं सप्लायर क्वालिटी कोण बघतं, एवढं सांगाल का?’

याला उत्तर द्यायला समोरच्याला अर्धा मिनिट लागतो, म्हणून उत्तर येतं. याच्या तोडीचं नोकरी डॉट कॉमवर काही नाही.

गुपित राखण्यात मात्र नोकरी डॉट कॉम पुढं. तिथं ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवता येतं. आपली कंपनी आणि तिच्या भावकीतल्या कंपन्या आधी त्या यादीत घाला. लिंक्डइनवर नोकरी शोधतोय हे फक्त एचआरवाल्यांना दिसेल अशी सोय आहे, पण तुमच्या कंपनीला कळणारच नाही याची हमी लिंक्डइन स्वतः देत नाही. फोटोभोवतीचं ‘ओपन टू वर्क’चं हिरवं कडं तर सगळ्यांनाच दिसतं. कुपवाडमध्ये एका गेटची बातमी दुसऱ्या गेटला जेवणाच्या सुट्टीआधी पोचते, तेव्हा राजीनामा देईपर्यंत ते कडं लावू नका. प्रोफाइलमध्ये बदल करताना नेटवर्कला कळवायचं बटण बंद ठेवा.

ठिकाण सांगली असेल तर सांगलीच लिहा. पुणं टाकलं की ‘उद्या सकाळी दहाला या’ असा फोन येतो, आणि मग रात्रीची गाडी शोधत बसावं लागतं. नोकरी डॉट कॉमवर पसंतीच्या ठिकाणाचा रकाना वेगळा आहे, लिंक्डइनवर नोकरीच्या पसंतीत पुणं घालता येतं.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतंच लागलेल्यांनी लिंक्डइनच्या मागं फार लागू नये. नोकरी डॉट कॉम भरा आणि जुन्या सुपरवायझरला फोन करा. पैसे दोन्हीपैकी कुठंच भरू नका. नोकरी लावतो म्हणून कुणी फोनवर रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर तिथंच फोन ठेवा.

आणि महिनाभर एकही फोन आला नाही तर प्रोफाइल पुन्हा लिहायच्या आधी त्यावरचा मोबाइल नंबर बघा. बऱ्याच जणांचा तिथं अजून कॉलेजातल्या सिमचाच असतो.