रस्टमध्ये फाइलचा पत्ता: साधा सापेक्ष पाथ की कार्गोचा मॅनिफेस्ट पाथ?

रस्ट भाषेतल्या प्रोग्रामला फाइल वाचायची, तर तिचा पाथ द्यावा लागतो. साधा सापेक्ष पाथ (पूर्ण पत्ता नव्हे, एखाद्या फोल्डरपासूनचा) लिहायला सोपा, पण तो नेमका कशाच्या सापेक्ष हे जागोजागी बदलतं, आणि खरी गोची तिथेच आहे. कार्गो हे रस्टचं बिल्ड टूल; त्याचं ‘कार्गो रन’ तुम्ही ज्या फोल्डरमधून दिलं तिथून पाथ मोजला जातो. ‘कार्गो टेस्ट’ आणि बिल्ड स्क्रिप्ट (पॅकेज कंपाइल होण्याआधी चालणारा छोटा प्रोग्राम) मात्र पॅकेजच्या मुळापासून, म्हणजे त्याची मॅनिफेस्ट फाइल (Cargo.toml) असते त्या फोल्डरपासून मोजतात. म्हणून वर्कस्पेसच्या (एकत्र ठेवलेल्या अनेक पॅकेजेसच्या) मुळातून चालवलं की टेस्ट पास होते आणि प्रोग्राम ‘फाइल सापडली नाही’ म्हणून कोसळतो. कंपाइल करताना फाइलचा मजकूर प्रोग्राममध्ये भरणाऱ्या इन्क्लूड-स्ट्र (include_str!) मॅक्रोची तऱ्हा तिसरीच: तो ज्या सोर्स फाइलमध्ये आहे, तिथून मोजतो. ती सोर्स फाइल दुसऱ्या मॉड्यूलच्या फोल्डरात हलवली की कंपाइलच होत नाही. निदान चूक लगेच कळते!

एन्व्ह (env!) मॅक्रोने कार्गो-मॅनिफेस्ट-डिर (CARGO_MANIFEST_DIR), म्हणजे पॅकेजच्या मुळाचा पूर्ण पाथ, घेऊन पुढे पाथ जोडला, तर कुठूनही चालवा, फरक पडत नाही. टेस्टच्या फाइल्ससाठी हेच वापरावं. मात्र तो पूर्ण पाथ कंपाइल करतानाच बायनरीत (तयार प्रोग्राम फाइलमध्ये) गोठतो. बायनरी दुसऱ्या मशीनवर नेली की तो पाथ निरुपयोगी. तिथे मजकूर इन्क्लूड-स्ट्रने आत भरा, किंवा पाथ कमांडच्या आर्ग्युमेंटमधून घ्या.