जिन्याला कठडा आहे का? स्ट्रीटकम्प्लीट वापरताना

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून बाहेर पडलं की मला आधी पायऱ्याच दिसतात. म्हणून स्ट्रीटकम्प्लीट या अ‍ॅपने पहिल्याच दिवशी ‘या जिन्याला कठडा आहे का?’ असं विचारलं, तेव्हा मी तिथेच थांबले.

हे अँड्रॉइडवरचं मोफत, मुक्त स्रोत (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं) अ‍ॅप आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून घडवलेला नकाशा. त्यात जी माहिती राहून गेली आहे, तिथे हे अ‍ॅप खुणा दाखवतं. खुणेवर बोट ठेवलं की एक साधा प्रश्न येतो: बाकाला पाठ आहे? रस्ता डांबरी की काँक्रीटचा? पायऱ्या किती? बघायचं, उत्तर द्यायचं, पुढे चालायचं. उत्तर आपल्या खात्यावरून थेट नकाशात जातं आणि तो नकाशा श्रेय देऊन कुणीही वापरू शकतं. नेटवर्क नसेल तर उत्तरं फोनमध्ये थांबून राहतात.

नकाशाशास्त्राचा गंध नसतानाही भर घालता येते, याचा मला फार आनंद वाटतो. उत्तर देता येत नसेल तर टीप लिहा, फोटो जोडा. दुसरं कुणीतरी ते पुढे नेतं. नवा रस्ता मात्र इथे आखता येत नाही, त्यासाठी वेबवरच्या नकाशा-संपादकासारखं वेगळं साधन उघडावं लागतं. खुणांची गर्दी झाली तर नको ते प्रश्न सेटिंगमध्ये बंद करा. मी कठडे, पायऱ्या आणि व्हीलचेअरचे प्रश्न तेवढे चालू ठेवलेत.

काल एका जिन्याच्या पायऱ्या आईनेच मोजल्या. १४.